मोबाईलवर सुरेख चालणारं ॲप कॉम्प्युटरवर आलं की का अडतं?

शहापूरची हिशेबनीस · सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या एका घाऊक पेढीवर मी अकरा वर्षं हिशेब बघते. मागच्या दिवाळीला मालकांच्या मुलानं ऑर्डर आणि शिलकी मालासाठी एक ॲप घेतलं. फोनवर ते खरंच चांगलं आहे. वडगावच्या मागावरून माल आला की फोटो काढायचा, रंग आणि काठ निवडायचा, नग टाकायचे, झालं. दुकानातली मुलं आठवड्याभरात शिकली.

दोन महिन्यांपूर्वी त्याच लोकांनी विंडोजसाठीही ॲप काढलं. मी वाटच बघत होते, कारण माझं सगळं काम टेबलावरचं. बसवून घेतलं, आणि त्या दिवसापासून मला रोज घरी जायला उशीर होतोय.

फोनवरचा पडदा आहे तसाच ताणून मोठा केलाय. एका साडीला एक मोठा चौकोन, त्यामुळं बावीस इंची पडद्यावर एका वेळी सहाच नोंदी दिसतात. नग बदलायचे तर अधिक-उण्याचं बटण दाबत बसायचं. टॅब दाबला की कर्सर पुढच्या चौकटीत जायच्या ऐवजी कुठंतरी नाहीसा होतो. एखाद्या पार्टीचं जुनं खातं समोर ठेवून नवी ऑर्डर नोंदवावी म्हटलं तर खिडकी एकच. खातं बघायला ऑर्डरमधून मागं यावं लागतं, आणि मागं आलं की अर्धी भरलेली ऑर्डर पुसली जाते. छापायचं बटणच नाही, 'शेअर' आहे. म्हणजे पावती आधी माझ्याच फोनवर पाठवायची, तिथून परत कॉम्प्युटरवर घ्यायची, मग प्रिंट.

शेजारी टॅली उघडी असते. एफ८ दाबलं की विक्री, एफ५ दाबलं की पेमेंट. एंटर मारत गेलं की हात माउसला न लावता पन्नास ओळींचं बिल होतं. दिसायला साधं आहे, पण माझ्या बोटांना ते पाठ आहे.

वर्षाची वर्गणी पुढच्या महिन्यात भरायची आहे आणि मालक माझं मत विचारणार आहेत. 'मला जमत नाही' एवढंच सांगितलं तर ते म्हणतील, सवय होईल. ही सवयीची अडचण आहे की ॲपच अर्धवट आणलंय, हे मला नेमकं सांगता आलं पाहिजे. तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आहे का?

---

खानापूर सेवा केंद्र · सोमवार, रात्री

अक्का, सवयीची अडचण नाही ही. मी स्टेशन रोडला फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवतो, दिवसाला चाळीस-पन्नास माणसं येतात. मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट सांगतो: जन्मतारीख.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख बहुतेक करून १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली तीच. समजा १ जून १९५४. फोनच्या ॲपमध्ये कॅलेंडर उघडतं, वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी येते, ती सर्रकन सरकते. तेच ॲप कॉम्प्युटरवर उघडलं तर माउसचं चाक त्या यादीवर चालतच नाही. मग महिन्याचा बाण दाबत मागं जायचं. सत्तर वर्षांचे महिने मोजा, आठशेच्या वर टिचक्या होतात. ०१०६१९५४ असे आठ आकडे टंकू दिले असते तर काम दोन सेकंदांचं होतं. समोर आजोबा काठी टेकून उभे असतात.

दुसरं, कागदपत्रं. माझ्याकडं चांगला स्कॅनर आहे. ॲप म्हणतं, 'कॅमेऱ्यानं फोटो घ्या.' कॉम्प्युटरला कॅमेरा आहे तो माझ्या तोंडाकडं बघणारा. त्याच्यापुढं पहाणीचा, म्हणजे जमिनीचा, उतारा धरून उभं राहायचं का? फाईल निवडायची सोय द्यायला काय अडचण होती, ते मला कळलेलं नाही.

आणि भाषेचं. राज्य 'कर्नाटक' निवडलं की एक ॲप सगळंच्या सगळं कन्नडमध्ये जातं. मला कन्नड येतं, मी वाचतो. पण समोर बसलेल्या आजीला मी काय भरतोय ते दाखवायचं असतं, तिला मराठीच वाचता येतं. फोनवर त्याच ॲपमध्ये भाषा बदलता येते. कॉम्प्युटरवर तो पर्यायच ठेवलेला नाही.

---

उद्यमबाग पाळी दुसरी · मंगळवार, सकाळी

फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. आमच्याकडं कास्टिंगचं वजन, हीट नंबर, पार्टीचं ड्रॉइंग अशी तीन कागदं एकाच वेळी डोळ्यांपुढं लागतात. कॉम्प्युटर घेतला तोच त्यासाठी. एका ॲपनं फोनसारखं 'एक पडदा, एक काम' केलंय, त्यामुळं वजन बघून लक्षात ठेवायचं आणि दुसऱ्या पडद्यावर जाऊन भरायचं. माणूस पाळीच्या शेवटी दमलेला असतो, तेव्हा ७६.४ चं ७४.६ व्हायला वेळ लागत नाही. माझ्याकडून एकदा झालंय, चूक ट्रक गेल्यावर सापडली. तेव्हापासून मी वजनं आधी वहीत लिहितो.

फोनवर मला त्या ॲपबद्दल काहीच तक्रार नाही. यार्डात उभं राहून वापरायला उत्तम.

---

निपाणी ते पुणे · मंगळवार, दुपारी

मी निपाणीचा, नऊ वर्षं पुण्यात हेच काम करतो: फोनची ॲप्स दुसऱ्या यंत्रांवर न्यायचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, सर्वांत आधी एक गोष्ट. बोट आणि माउस ही दोन वेगळी अवजारं आहेत. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की एखाद्या जागेवर नेम धरायला लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. बोट जाड असतं, आणि जिथं टेकतं तीच जागा झाकतं. म्हणून ॲपल सांगतं की बटण कमीत कमी ४४ पॉइंटांचं हवं, गूगल सांगतं ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलीमीटर. माउसचं टोक एका ठिपक्याएवढं असतं, त्याला एवढी जागा लागत नाही. फोनची मापं जशीच्या तशी मोठ्या पडद्यावर आणली की तुमच्या त्या सहा नोंदी होतात. जिथं तीस ओळी मावल्या असत्या तिथं रिकामी पांढरी जागा पसरते. खालच्या काठावरची बटणंही तशीच. ती अंगठ्यासाठी असतात, टेबलावर अंगठ्याचा काय संबंध?

या चुका मोठमोठ्यांनीही केल्यात. विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं तेव्हा नवी ॲप्स पडदाभर उघडायची आणि स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं, सगळं बोटाच्या हिशेबानं. वर्षभरात ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये ती ॲप्स पुन्हा साध्या खिडक्यांत बसवली. ॲपलनं २०१८ मध्ये मॅकवर न्यूज, स्टॉक्स, व्हॉइस मेमोज आणि होम ही आपलीच चार ॲप्स फोन-आयपॅडच्या मुशीतून काढून दाखवली, आणि २०१९ मध्ये कॅटॅलिस्ट या नावानं ती वाट सगळ्यांना खुली केली. सुरुवातीला त्यात आयपॅडचा पडदा चक्क ७७ टक्के आकाराला दाबून मॅकवर दाखवला जायचा. म्हणजे अक्षरं आणि बटणं मॅकच्या मापाची नव्हतीच, आयपॅडचीच लहान करून दिसायची. पुढच्या वर्षी त्यांनी मॅकच्या मूळ मापानं काढायचा पर्याय दिला. तो निवडला की मांडणी नव्यानं तपासावी लागते, आणि ते कष्ट कितीतरी लोक घेत नाहीत. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ वर अँड्रॉइडची ॲप्स थेट चालवायची सोय २०२१ मध्ये जाहीर केली होती, ती ५ मार्च २०२५ ला बंदही केली.

तंत्राबद्दल भांडणं फार होतात, तर त्यावर माझं मत सांगतो. ॲप बांधायची तयार साधनं असतात. काही ॲप्स इलेक्ट्रॉन या साधनावर असतात, म्हणजे प्रत्येक ॲप आपल्यासोबत एक आख्खा ब्राउझर घेऊन येतं. अशी तीन-चार उघडली की ४ जीबीच्या लॅपटॉपला धाप लागते. काही फ्लटर या दुसऱ्या साधनावर असतात, तिथं प्रत्येक बटण ॲप स्वतःच रंगवतं. विंडोजचं आयतं बटण न वापरल्यामुळं त्याच्यासोबत येणाऱ्या बारीकसारीक सवयी, टॅब, उजवी टिचकी, माउसचं चाक, या सगळ्या हातानं लावून घ्याव्या लागतात. खानापूरच्या दादांची वर्षांची यादी तिथंच अडली असणार. पण तंत्रावर सगळं खापर फोडू नका. प्रोग्राम लिहायचं व्हीएस कोड हे ॲप इलेक्ट्रॉनवरच उभं आहे आणि जगभरचे प्रोग्रामर दिवसभर त्यात बसतात, कारण ते करणाऱ्यांनी कळफलकाचा विचार पहिल्या दिवसापासून केला. उलट, मूळ विंडोजच्या साधनांनी केलेली वाईट ॲप्स मी स्वतः दुरुस्त केली आहेत.

खरं कारण आमच्या कचेऱ्यांत घडतं. ग्राहक म्हणतो, 'ॲप आहेच, कॉम्प्युटरवर चालू करून द्या.' त्याला दोन आठवडे मिळतात. दोन आठवड्यांत चालू होतं. पण टेबलावर बसलेली बाई दिवसाला किती बिलं करते, हे बघायला कुणी शहापूरला येत नाही. मी स्वतः अशी कामं दिलेली आहेत, आणि ताईंचं लिहिलेलं वाचून मला ते बोचतंय.

---

यळ्ळूर · मंगळवार, संध्याकाळी

माझं मत वेगळं आहे, रागावू नका.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉम्प्युटर कधी नव्हता. सगळं फोनवर शिकलो: बँक, अभ्यास, भाताचे दर, सगळं. गेल्या वर्षी काकांनी जुना लॅपटॉप दिला. त्यावर मला काहीच सुचेना, फाईल कुठं जाते तेसुद्धा कळेना. मग ज्या ॲप्सची फोनवर सवय होती तीच लॅपटॉपवर तशाच रूपात मिळाली, म्हणून मी टिकलो. आईसुद्धा बचत गटाचा हिशेब त्यावर बघते, कारण तिला तेच चित्र, तीच जागा ओळखीची वाटते. वेगळं केलं असतं तर तिनं हात लावला नसता.

आणि माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, विंडोज त्याला झेपत नव्हतं. लहान कंपन्या लिनक्ससाठी वेगळं ॲप कधीच करणार नाहीत. हे पोर्ट केलेलं, म्हणजे फोनवरून इकडं आणलेलं आहे म्हणून निदान मिळतं तरी. नाहीतर आमच्यासारख्यांना काहीच नसतं.

---

जांबोटी · मंगळवार, रात्री

यळ्ळूरच्या भावाला दुजोरा. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते, त्याचा हिशेब नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह करायच्या आधी लाईट गेली की सगळं गेलं. मी वापरतो ते फोनवरून आलेलं ॲप अक्षर टंकलं की तिथल्या तिथं साठवतं, रेंज नसली तरी. रेंज आली की वर चढवतं. फोन कधीही बंद पडू शकतो, हे धरून केलेलं असतं म्हणून. आम्हाला त्याचा उपयोग आहे.

एकच तक्रार, सुरू करताना फोनमधून क्यूआर कोड दाखवा म्हणतं. फोन घेऊन घरचे शेतात गेलेले असले की लॅपटॉप असून नसल्यासारखा.

---

खडेबाजार मुद्रक · बुधवार, सकाळी

मंडळी, या चर्चेत आपल्या अक्षरांचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. खिळे जुळवण्यापासून मी या धंद्यात आहे. नंतर डीटीपी, श्रीलिपीचे फॉन्ट, आता युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक. लग्नपत्रिका मराठीत, पावती पुस्तकं कन्नडमध्ये, पाट्या दोन्हीत. एका दिवसात मी दोन लिप्यांत किती वेळा ये-जा करतो, ते मोजलेलं नाही.

सरकारी इन्स्क्रिप्ट कळफलकाचा मला फार आधार आहे, आणि त्याचं कारण सीमेवरच्या माणसालाच नीट कळेल. त्यात मराठीचा 'क' ज्या कळीवर आहे, कन्नडचा 'क'सुद्धा त्याच कळीवर. 'म' तिथंच, 'य' तिथंच, काना-वेलांटीसुद्धा तिथंच. एक लिपी बोटांत बसली की दुसरी आपोआप येते. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस, बास. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच आधी दाखवतो, आणि कन्नड शाळेतून आलेलं पोरगं पंधरवड्यात मराठी टंकायला लागतं.

आता फोनवरून आलेल्या ॲपमध्ये काय होतं बघा. फोनला खरा कळफलक नसतो, त्यामुळं ॲप करणाऱ्यानं कळींचा विचार केलेलाच नसतो. कॉम्प्युटरवर आणताना घाईत चार शॉर्टकट टाकतो. एका ॲपमध्ये तिरप्या रेघेची कळ दाबली की शोधायची चौकट उघडायची. इंग्रजीवाल्यांना ते सोयीचं असेल. पण इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळीवर 'य' आहे! 'यल्लम्मा' लिहायला गेलो की पहिल्याच अक्षराला कर्सर उडून शोधात जायचा. यल्लम्माच्या जत्रेच्या पत्रकांचं काम होतं, दोन दिवस मी प्रत्येक 'य' दुसरीकडं टंकून इथं चिकटवत होतो. त्या माणसानं कळीवरचं अक्षर न बघता कळीची जागा बघितली होती, एवढीच चूक. याच्या उलटही होतं: नव्या नोंदीसाठी 'एन' दाबा म्हणतात, पण कळफलक मराठीवर असला तर तिथं 'ल' उमटतो आणि काहीच घडत नाही.

मग अक्षरं कापली जाणं. इंग्रजी अक्षराच्या उंचीनं ओळीची चौकट आखलेली असते. मराठीत वरची वेलांटी, मात्रा, अनुस्वार छाटला जातो. कन्नडमध्ये जोडाक्षराचा ओत्तु, म्हणजे दुसरं जोडलेलं अक्षर, खाली लटकतो, तो खालून कापला जातो. एकाच ॲपमध्ये मराठी डोक्यावरून आणि कन्नड पायातून कापलेलं मी बघितलंय. फोनवर हीच अक्षरं नीट दिसत होती, कारण तिथं ओळीला मोकळी जागा होती. कॉम्प्युटरवर ओळी दाट बसवायला गेले आणि आपली लिपी चेपली.

शोधाचंही तसंच. 'ॲप' हा शब्द दोन तऱ्हांनी साठतो. एक, 'अ' वर चंद्र देऊन, आणि दुसरा, 'ॲ' हे एकसंध अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. फोनच्या कळफलकावरून एक जातो, कॉम्प्युटरच्या कळफलकावरून दुसरा जाऊ शकतो. मग फोनवर नोंदवलेलं 'ॲल्युमिनियम' कॉम्प्युटरवर शोधून सापडत नाही. उद्यमबागच्या मंडळींनी एकदा तपासून बघावं.

---

उद्यमबाग पाळी दुसरी · बुधवार, दुपारी

मुद्रककाका, आत्ता तपासलं. 'ॲल्युमिनियम'च्या सतरा नोंदी यार्डातून फोनवरून झाल्यात. टेबलावरून शोधलं तर चारच आल्या. आजपर्यंत आम्ही यार्डातल्या पोरांना म्हणत होतो की तुम्ही नोंद करत नाही. आज जाऊन त्यांना सांगतो.

---

प्राथमिक शिक्षिका · बुधवार, संध्याकाळी

काकांच्या पोस्टला जोडून. मी विंडोजचा मराठी फोनेटिक कळफलक वापरते, २०१९ पासून तो विंडोजमध्येच मिळतो. इंग्रजी अक्षरांत 'shala' टंकलं की खाली 'शाळा', 'शाला' असे पर्याय येतात, एंटर मारून निवडायचा. पालकांना निरोप पाठवायच्या एका ॲपमध्ये मी शब्द निवडायला एंटर मारला की निरोपच निघून जातो! 'उद्या शा' एवढंच पासष्ट पालकांना गेलं. एकदा 'उद्या शाळा नाही' असं लिहायचं होतं, तेव्हाही अर्ध्यातच गेला आणि दुसरा निरोप पोचेपर्यंत काही मुलं पावसात येऊन उभी होती.

फोनवर त्याच ॲपमध्ये एंटर मारला की नुसती ओळ बदलते. हे दुरुस्त होण्यासारखं आहे का?

---

निपाणी ते पुणे · बुधवार, रात्री

बाई, हो, दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि सोपं आहे. शब्द अजून जुळतोय की पक्का झाला, हे यंत्र ॲपला सांगत असतं. जुळत असताना आलेला एंटर शब्दासाठी आहे, निरोपासाठी नाही, एवढं एकदा तपासायचं असतं. जपानी आणि चिनी लिहिणाऱ्यांना हीच अडचण येते. आपल्याकडचे ॲप करणारे इंग्रजीत तपासून मोकळे होतात म्हणून राहून जातं. त्यांना लिहिताना 'एंटर चालत नाही' असं लिहू नका. 'फोनेटिक कळफलकावर शब्द निवडताना एंटर दाबला की निरोप जातो' असं लिहा, म्हणजे पहिल्या वाचनात कळेल.

काका, तुमचा 'य' मी आज कार्यालयात सगळ्यांना दाखवला. आमच्याच एका ॲपमध्ये तीच कळ निघाली. काढली.

यळ्ळूरच्या भावा, तुझं बरोबर आहे, मी ते विसरत होतो. ओळखीचं रूप मोडायचं नाही. पण तुझी आई महिन्याला एकदा हिशेब बघते आणि ताई दिवसाला दोनशे नोंदी करतात. चित्रं, नावं, रंग तेच राहू देत, त्याच्या आत कळफलक, छपाई, दुसरी खिडकी घालता येते. दोघींपैकी एकीला निवडायची वेळ येत नाही.

खानापूरच्या दादांच्या भाषेबद्दल: आयफोनवर २०१९ पासून आणि अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, ते काम फोनच करतो. म्हणून पुष्कळ जण ॲपमध्ये भाषेचं बटण ठेवतच नाहीत. विंडोजवर आलं की तो आधार सुटतो आणि मग पत्त्यावरून अंदाज बांधतात. राज्यावरून भाषा ठरवणं बेळगाव, निपाणी, खानापुरात चुकणारच. उलट बाजूला सोलापूर, जतमध्ये कन्नड बोलणाऱ्यांचंही हेच होत असणार. विचारायला हवं, अंदाज नको.

ताई, मालकांसमोर बसून पाव तास एवढं करून दाखवा: माउस बाजूला ठेवा आणि फक्त कळफलकावर एक ऑर्डर पूर्ण करायचा प्रयत्न करा. मग खिडकी पडद्याच्या अर्ध्यावर आणा आणि काय काय दिसेनासं होतं ते बघा. एक ऑर्डर अर्धी सोडून दुसरं खातं उघडा. पावती ए४ वर छापा. पार्टीचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये टंका, फोनवरून नोंदवलेलं नाव इथून शोधा. जिथं अडेल तिथं घड्याळ बघून लिहून ठेवा. कंपनीला तेच पाठवा.

---

खानापूर सेवा केंद्र · गुरुवार, सकाळी

यात जन्मतारीख घाला. १ जून १९५४.

---

शहापूरची हिशेबनीस · नऊ दिवसांनी, रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

मालक आणि त्यांचा मुलगा दोघांनाही टेबलाशी बसवलं. मी काही बोलले नाही, मुलालाच म्हटलं, तू बारा साड्यांची एक ऑर्डर भर. फोनवर त्याला तीन मिनिटं लागली. त्याच ॲपमध्ये कॉम्प्युटरवर अकरा. मधे एकदा खातं बघायला मागं गेला आणि सगळं पुसलं, तेव्हा मालक म्हणाले, 'हे तुम्ही रोज करता?' त्यानंतर मला काही पटवून द्यावं लागलं नाही.

पाव तासाचं सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणं लिहून कंपनीला पाठवलं, चौदा मुद्दे. प्रत्येकात काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. चौथ्या दिवशी तिथल्या एका मुलीचा फोन आला. पाऊण तास बोलली. टॅली कशी वापरता ते तिनं विचारलं, मी कळी सांगत गेले आणि ती लिहून घेत गेली. म्हणाली, कॉम्प्युटरवर दिवसभर बसणाऱ्या माणसाशी त्यांचं आजवर बोलणंच झालं नव्हतं. टॅबचा क्रम आणि अर्धी ऑर्डर साठवणं या महिन्यात देतो म्हणाली. छपाईला वेळ लागेल. दोन खिडक्यांचं कबूल केलं नाही, आणि खोटं आश्वासन दिलं नाही हे मला आवडलं.

आम्ही ठरवलंय ते असं. फोनचं ॲप दुकानात आणि मागावर चालू राहील, त्यात मुलांचं काम छान होतंय. टेबलावर मी सध्या त्यांचं ॲप काढून टाकलंय. रोज संध्याकाळी एक्सेलमध्ये यादी उतरवून घेते आणि बिलं टॅलीतच करते. वर्षाची वर्गणी न भरता तीन महिन्यांची भरली. तीन महिन्यांनी तीच बारा साड्यांची ऑर्डर पुन्हा भरून बघायची आणि घड्याळ लावायचं. आज साडेसातला घरी आले.

यळ्ळूरच्या भावाला सांगायचं राहिलं. तुझ्या आईबद्दल लिहिलंस ते त्या मुलीला मी वाचून दाखवलं. चित्रं आणि जागा बदलू नका, हे पंधरावा मुद्दा म्हणून घातलंय.

---

खडेबाजार मुद्रक · दुसऱ्या दिवशी, सकाळी

फार बरं झालं, ताई. त्या मुलीला अक्षरांसाठी एक ओळ पाठवून द्या. आम्ही नवा फॉन्ट आला की याच धर्तीची ओळ टाकून बघतो:

दुसऱ्या वर्षी कऱ्हाडहून कित्तूरला ट्रॅक्टरनं ऊस आणि ॲल्युमिनियमची घागर आणली.

यात रफार आहे, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' आहेत, 'त्तू' आहे, 'ट्रॅ' वरचा चंद्र आहे, 'ॲ' आहे. ही ओळ टंकून, मोठी करून, लहान करून, छापून आणि शोधून बघितली की ॲपमध्ये मराठी कुठं तुटतं ते कळतं.

---

निपाणी ते पुणे · दुसऱ्या दिवशी, दुपारी

काका, ही ओळ आमच्या तपासणीत आजच घातली. अशीच एक कन्नडची मिळेल का? खाली दोन-दोन ओत्तु लटकणारी अक्षरं असलेली.

---

खडेबाजार मुद्रक · दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी

माझ्या समोरच्या गाळ्यात कन्नड पत्रिका छापणारे आहेत, त्यांना विचारलं. त्यांच्याकडं अशी ओळ वडिलांच्या वेळेपासून भिंतीवर लिहिलेली आहे. उद्या दुकान उघडलं की फोटो काढून इथं टाकतो.